थेंबेश्वराचा पंचनामा

छतातून पडणारा तो थेंब बारा महिने पडत राहिला, तर साल्पेकर सरांना संस्थेच्या संचालकाची खुर्ची मिळायची होती. तिच्या मागोमाग ऑस्ट्रियातल्या परिषदेचं निमंत्रण, दुष्काळ मोजायच्या एका नव्या निर्देशांकाला स्वतःचं आडनाव, आणि ज्यांनी त्यांना आयुष्यभर 'दगडफोडे' म्हटलं त्या शेजारच्या विभागवाल्यांची जिरवल्याचं सुख. एवढं सगळं एका थेंबात मावलेलं असल्यामुळे सर त्याच्याकडे पाहत होते ते पितृपक्षात कावळ्याकडे पाहावं तसं.

"पडला," सर म्हणाले. "पिंपळशेंडे, लिहा."

मी लिहिलं. बॅटरी काखेत, वही गुडघ्यावर, आणि गुडघा वटवाघळांच्या लेंड्यांत. पुढच्या थेंबाच्या आत मला जरा सरकून बसायचं होतं, पण सरांनी हात वर केला. म्हणजे हलायचं नाही.

ही गुहा चांद्याकडच्या चुनखडीच्या पट्ट्यात, बोदरगुडा नावाच्या गावाच्या डोक्यावर. मोठी म्हणाल तर गुरांच्या गोठ्याएवढी. मधोमध गुडघाभर उंचीचा, माथ्याला गोलसर झालेला पांढरा खुंट. सर त्याला स्टॅलॅग्माइट म्हणत, पाठ्यपुस्तक त्याला ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ म्हणतं आणि गाव त्याला थेंबेश्वर म्हणे. छताच्या भेगेतून त्याच्या माथ्यावर थेंब पडे, थेंबातला चुना मागे राही आणि देव वाढे. वर्षाला किती, तर नखाच्या जाडीपेक्षाही कमी. "आमचा देव वाढता हाय," हे गावाचं म्हणणं शास्त्राला धरूनच होतं. फरक एवढाच की गावाला घाई नव्हती आणि सरांना होती.

घाई आणखी एका माणसाला होती. दौलतराव गणफाडे हे बोदरगुड्याचे सरपंच आणि थेंबेश्वर देवस्थान ट्रस्टचे अध्यक्ष. टोप्या दोन, डोकं एक. गावाला 'क' वर्ग तीर्थक्षेत्राचा दर्जा मिळाला की पक्का रस्ता येणार होता, सभामंडप होणार होता, आणि सभामंडपाच्या कोनशिलेवर कुणाचं नाव कोरायचं याची चिंता त्यांनी आधीच मिटवून ठेवली होती. त्यासाठी त्यांना एका विद्वानाचं पत्र हवं होतं की देव प्राचीन आहे आणि त्याच्यावरचा अभिषेक अखंड आहे. सरांना देवाच्या मागे मोडून पडलेला दुसरा एक खुंट कापायला न्यायचा होता. सौदा ठरायला चहा पुरला.

तिसरी मी. माझी शिष्यवृत्ती पुढच्या वर्षी संपत होती, आणि सरांच्या थेंबावर माझा प्रबंध उभा होता. तिघांचे तीन नवस, देव एक.

गणफाड्यांनी सरांना विचारलं की दगड कापून तुम्हाला त्यात दिसतं काय. सरांना हा प्रश्न आवडे. पावसाचं पाणी मातीतून मुरताना जरासं आंबट होतं, ते म्हणाले, आणि चुनखडी विरघळवत खाली येतं. चुन्याबरोबर मॅग्नेशियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम अशी चिमूटचिमूट मंडळीही येतात. पाऊस भरपूर असला की पाणी भराभर उतरतं आणि चुना तसाच्या तसा गुहेत पोचतो. पाऊस तुटला की तेच पाणी भेगाभेगांतून रेंगाळतं, चुना वाटेतच टाकत येतं, आणि शेवटच्या थेंबात चुना कमी नि त्या मानाने मॅग्नेशियम जास्त. खुंटाच्या एकेका थरात हे प्रमाण मोजलं की हजारो वर्षांचे दुष्काळ ओळीने वाचता येतात. मात्र आधी आजचा थेंब महिन्या-महिन्याला तपासायला हवा. आजच्या थेंबाची भाषा कळली तरच जुन्या थरांची कळणार.

गुहेच्या तोंडाशी गणफाड्यांची आई, दुर्पताबाई, पदरात फुलं घेऊन उभी होती. ती म्हणाली, "म्हंजे बाजारातून येनाऱ्या नवऱ्यावानी. सरळ घरी आला तं थैली भरून. जागोजागी टेकत आला तं कामाचं सामान वाटंतच रिकामं होते, आन् थैलीत उरते चिवडा."

सर लहान मुलाकडे पाहून हसावं तसं हसले. "ढोबळमानाने, हो." पुढे हा दृष्टांत त्यांनी ऑस्ट्रियात इंग्रजीत सांगितला. तिथे नवरा वाइन घेऊन येत होता.

अडचण एकच निघाली. थेंब एक, त्याच्यावर हक्क दोघांचा. बाटली ठेवली तर देव कोरडा, देवाला दिला तर बाटली कोरडी. बराच खल झाला आणि शेवटी सोमवार देवाचा, बाकीचे वार विज्ञानाचे असं ठरलं. बाटली बदलायची, बूच घट्ट लावायचं आणि महिनाअखेरी नागपूरच्या एसटीत कंडक्टरच्या हवाली करायची, हे काम गणफाड्यांनी "आमची माय पाहील" म्हणून आईवर टाकलं. सरांनी तिला नरसाळं लावून दाखवलं, बाटलीला हात धुऊनच शिवायचं हे दोनदा बजावलं. तिसऱ्यांदा बजावायला लागले तेव्हा ती म्हणाली, "सायेब, मी देवाला न्हाऊ घालते, बाटलीला नाही घालनार काय?"

पहिले तीन महिने मी आणि सर दोघंही खुशीत होतो. हिवाळा सरत गेला तसा बाटलीतलं पाणी उतरत गेलं, चुना कमी होत गेला, मॅग्नेशियमचं प्रमाण पायरीपायरीने चढलं. पुस्तकात काढलेल्या आकृतीवर आमचे ठिपके असे बसत होते की मलाच संशय यावा. जानेवारीची बाटली अर्ध्यावर होती. फेब्रुवारीत तळ झाकला गेला तरी पुष्कळ, असं मी सरांना सांगून ठेवलं.

फेब्रुवारीची बाटली काठोकाठ भरून आली.

आणि त्या पाण्यात काही म्हणजे काही ठिकाणावर नव्हतं. मॅग्नेशियमची चढण मोडलेली, स्ट्रॉन्शियम भलतंच, सोडियम आणि क्लोराइड तर आभाळाला टेकलेले. मी सरांना आकडे दाखवले. ते म्हणाले, तुम्ही टेबलावर डबा खाल्लात, लोणचं सांडलं असेल. मी सगळी काचेची भांडी धुतली, पुन्हा मोजलं, तेच आलं. सर म्हणाले, मग यंत्र. यंत्रवाल्याला बोलावलं, त्याने यंत्राला क्लीन चिट दिली. सर दिवसभर वऱ्हांड्यात येरझारा घालत राहिले. प्रयोगशाळा बंद करायच्या वेळी ते आत आले ते निराळेच होऊन.

"पिंपळशेंडे, बसा. हे पावसाचं पाणी नाही."

"मलाही तसंच वाटतं सर."

"हे खोलचं पाणी आहे. जुनं. पावसाचं पाणी संपलं की डोंगराच्या पोटातलं हे पाणी दाबाने वर चढतं आणि त्याच भेगेतून झिरपतं. म्हणून बाटली भरली."

"आणि क्लोराइड?"

"चुनखडी कशाची बनते? समुद्राच्या तळाची. त्या समुद्राचं मीठ आहे हे." सरांनी माझ्या खांद्यापलीकडे पाहिलं, जणू तिथे तो समुद्र होता. "द्विस्रोत सिद्धांत."

मी म्हटलं, सर, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्राने नेमका फेब्रुवारी कसा गाठला. सर म्हणाले, संशोधकाला कल्पनाशक्ती लागते, ती नसेल तर बँकेच्या परीक्षा द्याव्यात. मार्चची बाटलीही काठोकाठ आली, तशीच खारट. एकदा चूक होते, दोनदा झाली की तिला पुनरावृत्ती म्हणतात आणि पुनरावृत्तीला शास्त्र मान देतं. सरांचा शोधनिबंध गेला. त्याच्या आधी बातमी गेली. 'दुष्काळातही पाझरणारा डोंगर: नागपूरच्या शास्त्रज्ञाला सापडला बोदरगुड्याचा भूगर्भातील जलसाठा.' फोटोत सरांच्या हातात ती बाटली होती, आणि बाटली धरून ठेवायचा सराव त्यांनी आदल्या दिवशी केला होता.

गणफाडे ती बातमी चौकटीत बसवून घेऊन नागपूरला आले. शाल, श्रीफळ, आणि तीर्थक्षेत्राच्या अर्जाला जोडायला सरांचं पत्र. सरांनी पत्रात लिहिलं की हा अभिषेक बारमाही असल्याचं रासायनिक पृथक्करणातून सिद्ध झालं आहे. गणफाड्यांनी 'पृथक्करण' हा शब्द दोनदा वाचला आणि कागद छातीशी धरून नेला.

एप्रिलच्या बाटलीने मात्र सरांनाही जरा थांबवलं. क्लोराइड गायब. त्याच्या जागी सल्फेट, आणि नायट्रेट इतकं की मी यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. सर या वेळी येरझाऱ्यांना गेले नाहीत. खुर्चीतच उत्तर सापडलं. "तिसरा स्रोत. वटवाघळांच्या पुरातन विष्ठेचे थर. पाणी आता त्यांतून येतंय." मग मला म्हणाले की तुम्ही स्वतः जा, मे महिन्यातलं ताजं पाणी स्वतःच्या हाताने धरून आणा. संचालकपदाच्या निवड समितीपुढे ताजी बाटली ठेवायची आहे.

वैशाखातल्या उन्हात मी बोदरगुड्याच्या फाट्यावर उतरले. गावात शिरताना रस्त्याच्या कडेला निळे ड्रम ओळीने मांडून ठेवलेले दिसले, प्रत्येक घराचा एक, झाकणावर दगड. होळी झाली की, कधी त्याच्याही आधी, बोदरगुड्याच्या विहिरी खडखडीत होतात आणि टँकर लागतो, हे मी हिवाळ्यात ऐकलं होतं. एका ड्रमचं झाकण उचलून पाहिलं. आत पालीचं एक पिल्लू होतं, कोरड्या तळावर आरामात. समोरून बाया डोक्यावर गुंड, म्हणजे पाण्याच्या घागरी, घेऊन येत होत्या, सिमेंटवाल्यांच्या सोडून दिलेल्या खाणीच्या दिशेने.

गुहेत थेंब नव्हता. मी पिंडीजवळ बसून राहिले, घड्याळ पाहायचं सोडून दिलं. छताची भेग कोरडी, थेंबेश्वराच्या माथ्यावर धूळ, आणि आमच्या नरसाळ्याच्या तोंडावर कोळ्याने जाळं विणलेलं. जाळं जुनं होतं, त्यात माश्यांची दोन पिढ्यांची कलेवरं होती. बाटली मात्र घासूनपुसून लख्ख.

दुर्पताबाई अंगणात गुंड उतरवत होती. मला पाहून तिने आधी लोटीभर पाणी पुढे केलं, मग गूळ. मी पाणी घेतलं आणि तोंडाशी नेताना हात थांबला. पाण्याला किंचित पांढुरका रंग होता.

"आजी, थेंब कधीपासून बंद आहे?"

"शिवरात्रीच्या मागंपुढं तुटला. दरसाल तुटते." तिने पदराने मान पुसली. "मृगात येते परत. देवालेबी सुट्टी लागते न."

"मग बाटल्या कशा भरून येत होत्या?"

ती माझ्याकडे अशी पाहायला लागली की जणू मी विचारलं होतं, भात कसा शिजतो.

"पोट्टे, पाव्हन्याचं भांडं रिकामं परत देतेत काय कुठं? तुमच्या सायबानं भांडं ठेवलं माह्या घरी. शेजारीन वाटी आनते तं आपन तिच्यात चिमूटभर साखर तरी घालून देतो. माह्या हातून रिकामी बाटली नागपूरले गेली असती तं लोकं काय म्हनले असते, गनफाड्याच्या घरी पान्याचा दुष्काळ हाय?"

"कुठलं पाणी घातलंत?"

"चांगलं घातलं व. टँकरचं. गाळून." टँकर तालुक्याच्या मचूळ विहिरीवर भरत, आणि भरताना त्यात ब्लीचिंग पावडर ओतत. सरांचा तो समुद्र मला एकदम समोर दिसला. ब्लीचिंग पावडरच्या पिवळ्या पिशवीतला होता.

"आणि मागच्या महिन्यात?"

"टँकर बंद झाला न बाप्पा. मंग खानीतलं." जिथे इतकी वर्षं सुरुंग उडाले त्या खड्ड्यात साचलेलं पाणी. सुरुंगाच्या दारूत असतं ते नायट्रेट, त्याला वटवाघळांची गरज नव्हती. "घरात प्यायले दोन गुंड येत होते," दुर्पताबाई म्हणाली, "त्यातली एक बाटली तुमची."

टँकर का बंद झाला ते तिने सांगितलं नाही, कारण तिला माहीत नव्हतं. ते मला तिच्या मुलाकडून कळलं. तालुक्याच्या कचेरीत टँकरच्या प्रस्तावाला कुणीतरी हुशारीने सरांची बातमी जोडली होती. डोंगरात बारमाही जलसाठा असताना टँकरची गरज नाही, असा शेरा पडला आणि एप्रिल लागता लागता टँकर वळवला गेला दुसऱ्या गावाला.

मी गणफाड्यांना म्हटलं, तुम्ही सरपंच आहात, जाऊन सांगा की थेंब पडत नाही.

ते ओटीवर बसले होते, मागे ती चौकटीतली बातमी. त्यांनी घसा साफ केला. "म्याडम, त्याच साहेबाच्या टेबलावर माझा दुसरा कागद हाय. त्याच्यात लिहिलं हाय का अभिषेक अखंड हाय. खाली सही माझी. आता ह्या कागदावरबी सही माझीच. एका सहीनं देव ओला, दुसऱ्या सहीनं कोरडा, हे बरं दिसते काय?"

"गावात पाणी नाही."

"पाऊस येईलच न." ते म्हणाले, आणि ते म्हणत असताना त्यांची बायको खाणीवरून आलेला गुंड त्यांच्या मागून आत नेत होती.

मी तशीच तालुक्याला गेले. तहसीलदार वासेकर सभ्य गृहस्थ होते. त्यांची नागपूरला बदली व्हायची होती, आणि बदलीपर्यंत आपल्या टेबलावरून चुकीचा कागद जाऊ नये एवढीच त्यांची जगाकडे मागणी होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की डॉक्टर म्हणतात पाझरतो, विद्यार्थिनी म्हणते पाझरत नाही, सरपंच काहीच म्हणत नाहीत. अशा वेळी कायद्याला एकच मार्ग माहीत आहे, स्थळपाहणी आणि पंचनामा. डॉक्टरांनाही बोलावू.

सरांना मी नागपुरात सांगितलं तेव्हा ते खुर्चीत मागे रेलले. मला वाटलं, खचले. ते मनात गणित मांडत होते.

"निवड समिती कधी आहे?" त्यांनी मलाच विचारलं.

"पुढच्या आठवड्यात, सर. पण त्या बाटल्यांत गुहेचं पाणीच नाही. प्रबंधही कोसळला आणि शोधनिबंधही. आणि तिकडे टँकर..."

"टँकर हा आपला विषय नाही, पिंपळशेंडे. आपला विषय ट्रेस एलिमेंट." मग आवाज खाली आणून म्हणाले, "थेंब तुटलेला नाही. मंदावला आहे. तुम्ही थांबला नाहीत पुरेसं."

पंचनाम्याच्या दिवशी सर कोट घालून आले. मे महिन्यात, चांद्याकडे, भर दुपारी, कोट. संचालक झाल्यावर लोकांनी या दिवसाचा फोटो मागितला तर असावा म्हणून. डोंगर चढून गुहेत शिरेपर्यंत त्यांच्या कपाळावरून ओघळ लागले होते. गुहेत सहा-सात माणसं: तहसीलदार, त्यांच्यामागे कागद-कार्बन घेतलेला कारकून, पंच म्हणून पकडून आणलेले दोन म्हातारे, सर, गणफाडे, मी. पंचांपैकी एकाला ऐकू येत नव्हतं, पण त्याला दिसतं याची कारकुनाने खात्री करून घेतली. दुर्पताबाई पिंडीच्या बाजूला खाली बसली होती. सोमवार होता, म्हणजे देवाचा वार, म्हणून बाटली नव्हती.

"आता शांतता ठेवा," वासेकर म्हणाले. "थेंब पडला तर सगळ्यांनी पाहायचा."

आम्ही पिंडीभोवती ओणवे झालो. बॅटऱ्यांचे झोत तिच्या माथ्यावर. बहिऱ्या पंचाला मधेच शिंक आली ती त्याने गिळली. हवा भिजल्या घोंगडीसारखी जड. वेळ जात राहिला आणि वासेकरांनी मान अवघडल्याची खूण केली तेव्हा सर पुढे झाले. बरोबर कुठे पडतो ते दाखवतो, म्हणाले, आणि पिंडीवर वाकून बोटाने छताची भेग दाखवू लागले.

त्यांच्या नाकाच्या शेंड्यावरून एक थेंब सुटला आणि थेंबेश्वराच्या माथ्यावर पडला.

"पडला," गणफाडे म्हणाले. इतक्या वेगाने मी त्यांना कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

वासेकर छताकडे पाहत होते, त्यांनी खाली पाहिलं. माथ्यावर थेंब होता, धुळीत गोल, चमकणारा. सर सरळ उभे राहिले. त्यांनी कपाळाला हात लावला नाही. खिशात रुमाल होता, त्याचं टोक बाहेर दिसत होतं, पण हात तिकडे गेला नाही.

मी म्हटलं, "साहेब, तो सरांच्या..."

"साहेबाले तीर्थ तरी द्या," दुर्पताबाई म्हणाली. माझं बोलणं तोडूनच बोलली ती, पण शांतपणे. तिने उठून पिंडीवरचा तो थेंब बोटावर अलगद उचलला आणि वासेकरांसमोर हात केला. "साहेब, देवाच्या दारी आले, तीर्थाला नाही म्हनू नये."

तहसीलदाराला पुष्कळ गोष्टी नाकारता येतात, देवासमोर पुढे केलेलं तीर्थ नाही. त्यांनी उजवा तळहात पुढे केला, डावा त्याखाली धरला, थेंब घेतला, डोळे मिटले आणि जिभेला लावला. डोळे उघडले तेव्हा चेहरा बदललेला होता.

"खारट आहे."

मग सर बोलले. आपलं शास्त्र वाचवायची ही शेवटची संधी आहे हे त्यांनी ओळखलं, एवढं मान्य केलं पाहिजे.

"अर्थात खारट. मी शोधनिबंधात लिहिलंच आहे. खोल स्रोत, पुरातन समुद्राचे क्षार. चवीनेसुद्धा सिद्ध झालं."

"म्हणजे पाणी आहे," वासेकर म्हणाले.

"आहे."

"आणि खारट आहे."

"आहेच."

"मग पिण्यायोग्य आहे का, डॉक्टर?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी उत्तरासाठी माझ्याकडे पाहिलं. मी देवाकडे पाहत राहिले.

"पिण्यायोग्य," सर म्हणाले, "नाही."

वासेकरांचा चेहरा उजळला. त्यांनी कारकुनाला सांगितलं ते मी शब्द न् शब्द ऐकलं: समक्ष पाहणी केली असता थेंब पडताना आढळला, चव घेतली असता खारट आढळली, सबब सदर स्रोत पिण्यास अयोग्य, टँकर मंजुरीस हरकत नाही. शास्त्रज्ञ खरे, सरपंच खरे, शासनाचा आधीचा शेराही खरा. फक्त पाणी तेवढं खारट. दोन्ही म्हाताऱ्यांनी अंगठे दिले.

उतरताना मी दुर्पताबाईचा हात धरला. विचारलं, आजी, तुम्ही पाहिलं होतं ना कुणाचा थेंब ते.

"माहे डोळे चांगले हाय." मग पायरी शोधत म्हणाली, "तू खरं बोलली असती तं ते तिघं मिळून तुले खोटी पाडले असते. आन् टँकर गेला असता बाराच्या भावात. देवाच्या डोक्यावर पडलं ते तीर्थ. पंडिताच्या घामानं गावाले पानी भेटत असनं तं भेटू दे न."

समितीने सरांना संचालक केलं. पंचनाम्याची प्रत त्यांनी पुरावा म्हणून शोधनिबंधाच्या दुसऱ्या आवृत्तीला जोडली, 'इंद्रियगम्य लवणता' या मथळ्याखाली. तो निबंध अजून लोक आधाराला घेतात. बोदरगुडा 'क' वर्गात गेलं. सभामंडप झाला, कोनशिलेवर गणफाडे आहेत. वासेकर नागपूरला गेले. मी त्या बाटल्यांचे आकडे प्रबंधातून उपटून काढले, शिष्यवृत्ती संपल्यावर दोन वर्षं शिकवण्या घेतल्या आणि मेघालयातल्या एका खुंटावर पदवी मिळवली, जिथे पावसाला रजा माहीत नाही.

टँकरही आला. पण पंचनामा तालुक्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून सही होऊन परत तालुक्याला यायला ज्येष्ठ उलटत आला. तोवर पाणी खाणीतूनच येत होतं. खाणीच्या उताराला सुरुंगांनी भुगा केलेला मुरूम आहे, पाय ठरत नाही. त्या उतारावर दुर्पताबाई डोक्यावरच्या गुंडासकट घसरली. खुब्याचं हाड मोडलं, आणि जुळलं ते आखूड जुळलं. डोंगर चढून थेंबेश्वराला ती त्यानंतर गेली नाही.

त्या वर्षी सगळ्यांच्याच खाती काही ना काही जमा झालं. खर्ची पडला तो दुर्पताबाईचा डावा पाय.